करीच्या दिवशीची सावली

आमच्या वाडीला किल्ला नाही, गढी नाही, वेस नाही, पण बुरूज आहे. एकटाच. बोरी बुद्रुकच्या वरच्या अंगाला कुकडीचं पात्र जिथं वळसा घेतं, तिथल्या माळावर काळ्या दगडाचा, वर निमुळता होत गेलेला, दोन माणसं एकमेकांच्या खांद्यावर चढली तरी हात पोचणार नाही एवढा उंच. कुणी बांधला, कशासाठी, कुणाला सांगता यायचं नाही. म्हातारी माणसं म्हणायची, आमच्या आज्याच्या आज्यानंबी असाच बघितला. चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड. आत पारव्यांची वस्ती. दुपारचं त्यांचं घुमणं आमच्या ओसरीपर्यंत ऐकू यायचं. माझ्या माहेरचं घर डोळ्यांसमोर आणायचं म्हटलं की मला आधी ते घुमणंच ऐकू येतं, मग बाकीचं दिसतं.

बुरुजापासून थोडं खाली आमचंच पड रान होतं. त्यात तीन उभ्या शिळा आणि त्यांच्यावर आडवी टाकलेली एक भली थोरली फरशी, आणि भोवतीनं दगडांचं गोल रिंगण. बाप्ये माणसं त्याला राक्षसाची चूल म्हणायची. पोरांना सांगायची, इथं राक्षस भात शिजवायचा. बायका मात्र आपापसात त्याला पाळणा म्हणायच्या. राक्षसाच्या चुलीला पाळणा का म्हणतात, हे मला नऊ वर्षांची होईतो कळलं नव्हतं. ती फार जुन्या काळातल्या कुणा माणसाची पुरायची जागा आहे, हे तर पुण्याहून माणसं आली तेव्हाच कळलं. पण बायकांनी तिला दिलेलं नाव काही अगदीच चुकीचं नव्हतं, असं मला आता वाटतं.

घर आमचं एकत्र. आप्पा म्हणजे माझे वडील, त्यांचे धाकटे भाऊ तात्या, आई आणि तात्यांची बायको सोनाकाकी. आईला मी एकटी, काकीला दोन मुलगे. एक अंगण, एक चूल. सकाळी आई भाकरी थापायची आणि काकी शेकायची. दोघींची तोंडं सारखी चालू. काकी ठेंगणी, गोरी, हसली की डोळे मिटायची. आईला म्हणायची, "अक्का, तुमची भाकर बघा, अशी गोल व्हती, जसा काय परातीनं कापलीय. माझी बघा, नकाशा." आई म्हणायची, "नकाशा का असंना, पोटात गेल्यावर कोण इचारतंय?" हुलग्याचं पिठलं, लसणाची चटणी, टोमॅटोचे दिवस असले की रोज टोमॅटोचंच कालवण. नारायणगावच्या बाजारात न जाणारा फुटका माल सगळा आमच्या ताटात. मी आज अवसरीला पोरांना जेवू घालते, चांगली चाळीसभर कॉलेजची पोरं आहेत, पण तसं आंबट-गोड कालवण मला कधी साधलं नाही. पोरं म्हणतात, मावशी, मस्त झालंय. मी मनात म्हणते, तुम्हाला काय माहीत.

मी नऊ वर्षांची असताना आईला मुलगा झाला. संक्रांत तोंडावर आली होती. कुंभाराकडून नवी मडकी, सुगडी येऊन पडवीत मांडली होती. बाळ अंगानं बारीक होतं, रडायचं ते मांजराच्या पिल्लासारखं. आई दिवसभर त्याच्याकडं बघत बसायची. मला म्हणायची, "सुमे, नाक बघ, तुझ्या आप्पाचं." पाचवीसुद्धा पुजली नव्हती. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, करीच्या दिवशी, सकाळी आईनं त्याला पदराखाली घेतलं आणि तिला कळलं की ते पीत नाही.

आमच्या वाडीत तेव्हा एक रीत होती. पाचवीच्या आत गेलेलं मूल बाप्या माणसानं उचलायचं नाही. बायकाच नेणार, बायकाच ठेवणार. नव्या मडक्यात ठेवायचं, वर दुसरं पालथं घालायचं आणि पाळण्याच्या रिंगणाजवळ मातीत द्यायचं. वर दगड नाही, कुंकू नाही, काही खूण नाही. जागा ज्यांनी बघितली त्यांनी मनात ठेवायची, आईला दाखवायची आणि तोंडातून कधी काढायची नाही. जागा बोलून दाखवली, कुणी उकरली, की ते मूल मागं फिरत नाही. गप्प राहिलं तर त्याच कुशीत परत येतं. सगळ्या बायकांचा यावर विश्वास होता. बाप्यांना एवढंच ठाऊक की बायका काहीतरी करतात. विचारायचं नाही, ही त्यांची रीत.

त्या दिवशी घरात दुसरी बाई नव्हती. सुईण म्हातारी मडकं धरून पुढं, काकी कुदळ घेऊन मागं, आणि दुधाची वाटी धरायला मी. काकी सारखी नाक पुसत होती. खड्डा झाला, मडकं ठेवलं, माती ओढली. काकीनं उभं राहून भोवती बघितलं. बुरुजाची लांब सावली माळावर पडली होती आणि तिचं टोक बरोबर त्या नव्या मातीवर आलं होतं. तेवढ्यात खालच्या रस्त्यानं डेअरीच्या दूधवाल्याची फटफटी आली. काकी म्हणाली, "ध्यानात ठेव सुमे. दूधवाला येतो तवा बुरुजाचं टोक जितं पडतं, तितं. पर बोलायचं न्हाई. मलाबी न्हाई बोलायचं." मी मान हलवली. मी ते ध्यानात ठेवलं. अर्धंच ठेवलं, ते पुढं कळलं.

दर वर्षी करीच्या दिवशी आई आणि काकी दूधभात घेऊन जायच्या. मला नेत नसत. कोवळ्या पोरींनी तिथं जायचं नाही म्हणून. चार वर्षं आई अशी गेली आणि पाचव्या वर्षी तिला परत दिवस राहिले. आईचा चेहरा तेव्हा कसा झाला होता सांगू? जत्रेला गेलेलं माणूस परत यायचं असलं की आपण जसं रस्त्याकडं बघतो, तसं ती स्वतःच्या पोटाकडं बघायची. एकदा भाकरी थापता थापता थांबली आणि काकीला हळूच म्हणाली, "त्योच हाय गं सोने. लाथ मारतोय ती वळखीची हाय." काकी म्हणाली, "मग! येनार न्हाई तर जातोय कुठं?" आणि दोघी हसल्या. एका चुलीपुढं बसून त्या हसल्या ते हे शेवटचंच.

त्याच उन्हाळ्यात, चैत्रात, पुण्याहून जीप आली. पांढरी टोपी घातलेले एक मोठे सर, पाचसात मुलंमुली, दोऱ्याची बंडलं, खिळे, ब्रश, चाळण्या. राक्षसाची चूल त्यांना खोदून बघायची होती. गावाच्या माणसांनी आधी हरकत घेतली. सरांनी हात जोडले आणि म्हणाले, "तुमचे देव आम्हाला दाखवा. जिथं जिथं शेंदूर दिसेल तिथं आम्ही खुरपंसुद्धा लावणार नाही." मग माणसं खूश झाली. उभ्या शिळेला शेंदूर लागला, बुरुजाच्या पायथ्याला लागला, म्हसोबाच्या दगडाला होताच. बायका काहीच बोलल्या नाहीत. बोलणार कशा? शेंदूर लावायचा म्हणजे जागा सांगायची.

खोदकामावर वाडीतल्या बायकाच लागल्या. आई पाचवा महिना घेऊन घमेली उचलायची. आप्पा नको म्हणाले, पण तिनं ऐकलं नाही. घरी बसून तिला राहवलं नसतं, हे मला आज कळतं. मी मुग्धाताईच्या मागं मागं असायची. मुग्धाताई म्हणजे त्या मुलींतली एक, दोन वेण्यांची, उन्हानं नाक सोललेली. तिनं मला ब्रश कसा धरायचा ते शिकवलं, कागदावर माझं नाव लिहायला लावलं. शाळा मी तोवर सोडली होती. ती म्हणायची, "सुमन, तुझं अक्षर किती गोल आहे. लिहीत जा गं." आज मी पोरांच्या अर्ध्या कोऱ्या जर्नलांमध्ये हे लिहिते आहे, त्याचं मूळ तिथं आहे. तिचं ऋण आणि तिच्याबद्दलची एक शरम, दोन्ही माझ्याकडं राहिलीत.

एके दिवशी संध्याकाळी त्यांनी दुसऱ्या दिवसाची नवी चौकट आखली. चार खिळे, चार दोरे. ती चौकट रिंगणाच्या बाहेर, बुरुजाच्या बाजूला आली. आई घमेलं डोक्यावर घेऊन जाता जाता थांबली. दोऱ्याकडं बघितलं, पलीकडं बघितलं आणि परत चालू लागली. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला वाचता आलं नाही. मला वाटलं, ती घाबरली. आता मला वाटतं, ती दोऱ्याच्या पलीकडची मोकळी जमीन बघून सुटल्यासारखी झाली होती. पण मी चौदा वर्षांची. मला वाटलं, आईला बोलता येत नाही, काकीला बोलता येत नाही. मला तर जागा ठाऊक आहे. मी बोलणार नाही, नुसता शेंदूर लावीन. शेंदूर म्हणजे काही बोलणं नव्हे.

दुसऱ्या दिवशी सकाळी देव्हाऱ्यातली पुडी आणि पळीभर तेल घेऊन मी माळावर गेले. जीप यायची होती. मी बुरुजाच्या सावलीच्या टोकाशी उभी राहिले आणि दूधवाल्याची वाट बघितली. फटफटी आली. टोक जिथं होतं तिथल्या दगडाला मी शेंदूर फासला. बोटं राखेनं घासली, पण नखांच्या कडेला लाल राहिलंच. दिवसभर मी मुठी मिटून होते.

करीच्या दिवशीची सावली आणि चैत्रातली सावली एक नसते. हे आज माझ्या खाणावळीतल्या कुठल्याही पोराला विचारलं तर तो सांगेल. थंडीत सूर्य खालून चालतो, सावली लांब पडते. उन्हाळ्यात तो वर येतो, सावली आखडते, दिशाही बदलते. म्हणून तर बायका वर्षातून एकदाच, त्याच दिवशी जायच्या. त्या दिवशीच बुरूज बरोबर जागा दाखवायचा. काकीनं मला वेळ सांगितली, दिवस सांगितला नाही. तिला वाटलं असेल, एवढं तर कुणालाही कळतं.

मी शेंदूर लावला तो दगड खऱ्या जागेपासून सातआठ पावलं अलीकडं, बुरुजाच्या बाजूला होता. त्यांनी आखलेल्या चौकटीच्या अगदी मधोमध. सर आले, त्यांनी शेंदूर बघितला, कपाळाला हात लावून नमस्कार केला आणि म्हणाले, "शब्द दिलाय. सरकवा." मुलांनी खिळे उपटले आणि चौकट सातआठ पावलं पुढं नेऊन ठोकली.

मी काही केलं नसतं तर ती चौकट अलीकडंच राहिली असती.

आई तिथं उभी होती. तिनं दोरे पुढं सरकताना बघितले. मग तिनं मान वळवून सोनाकाकीकडं बघितलं. काकीपण दोऱ्याकडंच बघत होती, तिचा चेहरा पांढरा पडला होता. आईनं एवढंच बघितलं. माझ्या मिटलेल्या मुठी तिनं बघितल्या नाहीत.

तीन दिवसांनी मडकं लागलं. मुग्धाताई ब्रशनं माती झाडत होती, "सर, सर!" म्हणून ओरडली. मडक्यावर पालथं मडकं. सगळे गोळा झाले. सरांनी वाकून बराच वेळ बघितलं, बोटानं कड चाचपली. मग उठून सगळ्यांना म्हणाले, "फार पूर्वी इथले लोक लहान मुलांना असंच मडक्यात ठेवत असत. पण हे मडकं मला तेवढं जुनं वाटत नाही. तुमच्यापैकी कुणाचं असेल तर सांगा. आत्ता जसं होतं तसं ठेवतो. कुणी रागावणार नाही."

आप्पा पुढं झाले. स्वतःच्याच पोराबद्दल ते म्हणाले, "न्हाई वो सर. आमच्यातलं कोण पुरंल हितं? आमची मसणवट खाली नदीला हाय." खोटं बोलले नाहीत ते. त्यांना ठाऊकच नव्हतं.

"बायकांना विचारा," मुग्धाताई म्हणाली.

सर आमच्याकडं वळले. दहाबारा बायका, कुणाच्या हातात घमेलं, कुणाच्या हातात चाळण. त्यांतल्या किती जणींचं त्या मातीत काही होतं, देवाला ठाऊक. कुणी पापणी हलवली नाही. आईचा एक हात पोटावर होता. बोलली असती तर मडकं परत मातीत गेलं असतं, पण बोललं की मडक्यात होता तो तिच्या कुशीत फिरला नसता. मी ताईच्या शेजारी उभी होते. पारवे घुमत होते. सरांनी परत विचारलं, "नक्की?"

आई खाली वाकली. मडक्यावरची जी माती बाजूला ओढली होती ती तिनं हातांनी घमेल्यात भरली, घमेलं डोक्यावर घेतलं आणि चालू लागली. सगळ्यांची माती खालच्या ढिगावर पडायची. आईनं ते घमेलं वर नेलं, बुरुजाच्या पायथ्याशी ओतलं. मग दुसरं, मग तिसरं. त्या जागेची माती संपेपर्यंत तिनं दुसऱ्या कुणालाही तिथलं घमेलं उचलू दिलं नाही.

खोदकाम संपायच्या दिवशी आप्पांनी सगळ्यांना जेवायला बोलावलं. आमच्याकडं पाहुणा आला की मासवडी. आईनं बेसन हाटलं, कापडावर थापलं, वर सुकं खोबरं, तीळ, कांदा-लसणाचा मसाला पेरून वळकटी केली, सुरीनं वड्या पाडल्या, तिखटजाळ रस्सा केला. पुण्याची पोरं हा हू करत जेवली. मोठे सर म्हणाले, "वहिनी, असं जेवण आम्हाला पुण्यात मिळायचं नाही." आई पदर सावरून वाढत होती, आणखी घ्या म्हणत होती. बाहेर लिंबाखाली जीप उभी होती आणि तिच्यात कापसात गुंडाळलेलं, चिठ्ठी बांधलेलं मडकं खोक्यात होतं.

जेवणं आटपता आटपता आई एक झाकलेली वाटी घेऊन जीपकडं गेली. मुग्धाताईनं पानावरूनच विचारलं, "काकू, ड्रायव्हरला का? तो जेवला की."

"असू द्या," आई म्हणाली. "लांबचा परवास हाय."

वाटीत दूधभात होता.

जीप गेली त्या संध्याकाळी आईनं अंगणात दुसरी चूल मांडली. तीन दगड लावले, गोवरी पेटवली आणि आपली भाकरी आपण भाजली. काकी आली, "अक्का, हे काय?" आईनं तव्यावरची भाकरी उलटली. काकीनं परत विचारलं. आप्पांनी विचारलं, तात्यांनी विचारलं. आईनं कारण सांगितलं नाही, सांगताच येणार नव्हतं तिला. तिच्या हिशेबी जागा दोघींनाच ठाऊक. सुईण वारलेली. सुमी तर तेव्हा एवढीशी होती, तिला काय आठवतंय. मग शेंदूर कुणी लावला? कुणी दोरा बरोबर त्याच्यावर नेऊन ठेवला? काकीला दोन मुलगे होते. उद्या आईला मुलगा झाला की रानात आणखी एक वाटेकरी. आईनं हे कुठं बोलून दाखवलं नाही, पण तिचं पक्कं झालं. मला ते आठच दिवसांत कळलं. तेव्हाच बोलायचं होतं. रोज सकाळी मी ठरवायची, आज सांगते. आईचं पोट बघितलं की म्हणायची, बाळंत होऊ दे, मग सांगू.

श्रावणात आईला मुलगी झाली. धडधाकट, खणखणीत आवाजाची. नवी सुईण म्हणाली, "लक्षुमी आली." आई भिंतीकडं तोंड करून पडली. पुढं तिनं धाकटीला कधी काही कमी केलं नाही, हे मला लिहिलंच पाहिजे. न्हाऊमाखू घातलं, शिकवलं. पण वाट बघणं तिच्या चेहऱ्यावरून गेलं ते गेलंच.

त्याच पावसाळ्यात माझ्या नावानं निळं पत्र आलं. मुग्धाताईचं. एकेक अक्षर जोडत मी वाचलं. सुमन, ते मडकं खरंच फार जुनं नाही, असं सरांना वाटतं. गावातल्या कुणाचं असेल तर मला कळव. मी स्वतः आणून देईन. खाली पत्ता होता. मी ते पत्र घेऊन बुरुजाकडं गेले आणि दगडांच्या एका भेगेत आत खोल सारलं. कळवायचं म्हणजे शेंदराचं सांगायचं. मी ताईला उत्तर लिहिलं नाही. जिनं मला लिहायला लावलं, तिलाच नाही.

मग माझं लग्न झालं, अवसरीला आले. मालक कॉलेजच्या बांधकामावर जायचे, मी पोरांची खाणावळ सुरू केली. वर्षं अशी गेली की मागं वळून बघायला फुरसत नाही. पण संक्रांतीला मी माहेरी जायचेच. दर संक्रांतीला सकाळी आमच्या उंबऱ्यावर एक सुगडं असायचं. गाजर, बोरं, उसाचं पेर, हरभऱ्याचे घाटे, तिळगूळ, वरून हळदकुंकवाची बोटं. काकीनं ठेवलेलं. वाण म्हणून सुगडं देतात, घेणारीनं आपलं द्यायचं असतं. आई त्याला हात लावायची नाही. आतली बोरं धाकटी खायची. रिकामं सुगडं आई उचलायची आणि गोठ्याच्या भिंतीवर पालथं घालायची. कधी फोडलं नाही, कधी घरात घेतलं नाही. भिंतीवर ती ओळ लांबत गेली. एक अंगण, दोन चुली, आणि मधे ती पालथी सुगडी.

काकीला पोटाचं दुखणं लागलं तेव्हा मी भेटायला गेले. नारायणगावच्या दवाखान्यातून घरी आणली होती. ठेंगणी बाई आणखीच लहान झाली होती. हसायला गेली, डोळे मिटले. माझा हात धरला. "सुमे, तुझी आई माझ्याशी का गं बोलत न्हाई? मी इतकी वर्सं डोकं खाजवतीया. मी काय केलं? तुला ठाव आसंल तर सांग बाई. मी कुनाला सांगायची न्हाई."

मी म्हणाले, "मला ठाव न्हाई काकी."

हे वाक्य मी लिहिलं. आता ते पुसता येणार नाही, आणि पुसायचंही नाही. काकी म्हणाली, "आसू दे. तुझ्या हातचा चहा कर." मी चहा केला. तिला तो घोटभरच गेला. पंधरा दिवसांनी निरोप आला.

त्यानंतरच्या संक्रांतीला सकाळी आई दार उघडून उभी राहिली. उंबऱ्यावर काही नव्हतं. ती आत गेली. थोड्या वेळानं झाडू घेऊन परत आली, उंबरा बघितला. पाणी भरताना बघितला. तीळ भाजता भाजता चुलीपासून उठून आली आणि परत बघितला. शेवटी तिथंच टेकली. मी तिच्यापुढं बसले आणि सगळं सांगितलं. शेंदूर, सावली, फटफटी, पत्र. माझ्या मुठी पुन्हा मिटल्या होत्या.

आईनं गोठ्याच्या भिंतीकडं बघितलं. मग विचारलं, "पत्तर कुठाय?"

आम्ही दोघी बुरुजाकडं गेलो. मी भेगेत हात घातला. वाळवीची माती हाताला लागली, बाकी काही नाही. आई म्हणाली, "सोनी असताना सांगायचं व्हतंस गं." एवढंच. ओरडली नाही. ओरडली असती तर मला बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी, करीच्या दिवशी, तिनं उठल्या उठल्या भिंतीवरची सगळी सुगडी काढली. एकेक करून धुतली, पदरानं पुसली. मोठ्या पातेल्यात भात केला, दूध घातलं, सुगडी भरली आणि पाटीत मांडली. मला म्हणाली, "चल. आता तुला कोवळी कोन म्हननार?" माळावर ऊन कोवळं होतं. मडक्याचा खड्डा कधीच बुजून गेला होता, वर गवत होतं. खाली रस्त्यावर दूधवाला वाजला, आता टेम्पो होता त्याचा, पण वेळ तीच. बुरुजाचं टोक आलं आणि गवतावर थांबलं. चैत्रात मी जिथं उभी होते त्याच्या किती तरी पुढं. आईनं तिथं एकेक सुगडं ठेवलं. प्रत्येक ठेवताना ओठ हलत होते. एकदाच मला ऐकू आलं, "घे सोने, तुझं वाण." शेवटचं एक उरलं ते तिनं माझ्या हातात दिलं. "हे तुझं तू ठेव." मी ठेवलं. ते कुणाला ठेवलं, त्याला की काकीला, हे तिनं विचारलं नाही. मलाही सांगता आलं नसतं.

आई गेली त्यालाही आता वर्षं झाली. त्या दिवसानंतर ती माझ्याशी आधीसारखीच बोलायची, लेकरांची चौकशी करायची, लोणच्याची बरणी बांधून द्यायची. माफ केलं असं कधी म्हणाली नाही. मी विचारलं नाही. धाकटीला यातलं काही ठाऊक नाही. हे वाचेल तेव्हा कळेल. धाकटे, तुझ्या वाट्याला त्या घरात जो गप्पपणा आला तो तुझ्यामुळं नव्हता.

मी अजून दर करीला जाते. आता तिथं चोहोबाजूंनी ऊस आहे, बिबट्याचं भय असतं, भाचा काठी घेऊन लांब रस्त्यावर उभा राहतो. दोन पावसाळ्यांमागं बुरुजाचा वरचा थर ढासळला. दगड खालीच पडलेत, पण परत वर कोण चढवणार? दूधवाला येतो, सावलीचं टोक येतं आणि अलीकडंच थांबतं. तिथवर आता ते पोचत नाही. मी सुगडं घेऊन टोकापाशी थोडी उभी राहते. मग तिथून पुढची चार पावलं माझी मीच चालते.